निळासावळा आणि काइंड ऑफ ब्लू

1959 साली धारवाडात इंग्रजी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचा पहिला कथासंग्रह निघाला. प्राध्यापक म्हणजे जी. ए. कुलकर्णी आणि संग्रह ‘निळासावळा’. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवादकाची एक रेकॉर्ड बाजारात आली, ‘काइंड ऑफ ब्लू’. या पुस्तकाचा आणि त्या रेकॉर्डचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. तरी धारवाडच्या माळमड्डीतल्या आमच्या घरात ही दोन नावं माझ्या मनात केव्हाच शेजारी-शेजारी येऊन बसली आहेत. दोघांनीही निळा रंग घेतला आणि दोघांनीही तो पुरता निळा ठेवला नाही. एकानं त्यात सावळेपण मिसळलं, दुसऱ्यानं निळ्याच्या जवळपासचं काहीतरी, एवढीच खूण ठेवली. कथा वाचण्याआधी, पहिला सूर कानावर पडण्याआधी, आपल्याला कुठल्या उजेडात बसायचं आहे हे ही नावं सांगून टाकतात.

कथेला पुढे शब्दच शब्द असतात. नाव थोडं उणं पडलं तरी कथा सांभाळून घेते. वाद्यसंगीताचं तसं नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’मधली पाचही वादनं शब्दांविना आहेत. डेव्हिसनं साथीदारांच्या हाती बांधीव रचना दिल्या नव्हत्या. कुठल्या स्वरमाला घ्यायच्या याची थोडकी टिपणं दिली आणि त्या स्वरांत फिरायला सांगितलं. ख्याल ऐकत वाढलेल्या कानाला ही रीत परकी वाटत नाही. राग ठरला, त्याचं चलन ठाऊक आहे, पुढचं त्या घडीवर आणि गाणाऱ्याच्या कुवतीवर. फरक एवढाच की आपल्याकडे त्या स्वरसमूहाला पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं नाव असतं. मारवा म्हटलं की संध्याकाळ आली, तिची हुरहुर आली. डेव्हिसला असं आयतं नाव मिळालेलं नव्हतं. ते त्याला द्यावं लागलं. जॅझच्या रेकॉर्डांची नावं इतकी विलक्षण का, याचं उत्तर मला इथं सापडतं. शब्द नसलेल्या संगीतात नाव हा वादकाच्या हातातला एकुलता एक शब्द असतो.

आमच्या हुबळी-धारवाडच्या गाण्याच्या रेकॉर्डांवर असं नाव सहसा नसेच. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीला एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. मधल्या गोल लेबलावर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा, गायकाचं नाव, रागाचं नाव आणि चीजेचे पहिले दोन-चार शब्द. संपलं. त्याआधीच्या काळात तर नाव गायकालाच सांगावं लागे. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा गाणं संपवता संपवता तिनं स्वतःचं नाव मोठ्यानं उच्चारलं. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना कुठला आवाज कुणाचा हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. गाण्याला चिकटलेलं पहिलं नाव असं गरजेपोटी आलं. तरी आज ते ऐकताना अंगावर काटा येतो. त्या उच्चारात एका बाईचा ठसका आणि मान दोन्ही आहेत.

गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर त्यांचं नाव ‘गांधारी’ असं आहे, हुबळीची गांधारी. त्या तबकड्यांमधला आवाज पातळ, उंच, कोवळा आहे. पुढे घशाच्या दुखण्यानंतर आणि उपचारानंतर आवाज खाली उतरला, भरदार झाला, आणि ज्या आवाजापुढे आपण आज मान झुकवतो तो जन्माला आला. गांधारीच्या तबकडीनंतर लगेच गंगूबाईंचा पुढच्या वयातला एखादा बडा ख्याल लावला, तर दोन वेगळ्या स्त्रिया गात आहेत असंच वाटतं. एका बाईच्या आयुष्यातली एवढी मोठी उलथापालथ लेबलावरच्या नावांनी अभावितपणे नोंदवून ठेवली आहे.

मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या एल.पी. रेकॉर्डांची कव्हरं पाहावीत. बुवांची तसबीर, खाली नाव आणि रागांची नावं. कुणी म्हणेल, किती कोरडं! मला मात्र ती नावं वाचतानाच भूल पडते. शिवमत भैरव. संपूर्ण मालकंस. रायसा कानडा. लच्छासाख. अडंबरी केदार. एक निषाद बिहागडा. जगातल्या कुठल्याही जॅझवाल्यानं कव्हरवर छापावीत अशी ही नावं आहेत. मन्सूरांना जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ आणि बुर्जीखाँ यांच्याकडून मिळाली, आणि हे अनवट राग त्या घराण्याची दौलत. धारवाडच्या दुपारी घरोघरच्या रेडिओवरून अशी नावं कानावर पडत. 8 जानेवारी 1950 पासून आमच्या गावात आकाशवाणीचं केंद्र आहे. निवेदकानं रागाचं नाव उच्चारलं आणि तंबोरे सुरू झाले, की त्या मधल्या दोन-तीन क्षणांत ऐकणारा तयार होई. बसण्याची ढब बदले. नावाचं काम तेच.

मग आपल्याकडे जॅझसारखी नावं ठेवायची पद्धत का पडली नाही? कारण राग हे सगळ्यांचं घर आहे. मन्सूरांचा नट बिहाग असतो, पण नट बिहाग मन्सूरांचा एकट्याचा नसतो. जॅझचा वादक ज्या चाली घेतो त्यातल्या कितीतरी नाटकांतल्या, सिनेमातल्या, दुसऱ्यानं बांधलेल्या असतात. त्यांतून स्वतःचं काही उभं केलं की ते आपलं आहे हे त्याला सांगावं लागतं. 1948 नंतर लाँगप्ले रेकॉर्ड आली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळू लागली, बारा इंचांचं चौकोनी कव्हर मिळालं. त्याआधी अल्बम म्हणजे 78च्या तबकड्या ठेवण्याची खरोखरीची पुठ्ठ्याची वही होती. आता एकाच तबकडीत अख्खी वही मावली आणि तिच्या दर्शनी पानावर काय लिहायचं हा प्रश्न उभा राहिला.

त्या प्रश्नाची उत्तरं त्याच 1959 मध्ये एकापाठोपाठ एक येत गेली. डेव्ह ब्रूबेकनं ‘टाइम आउट’ हे नाव दिलं. खेळात मध्येच थांबायची खूणही ती आणि नेहमीच्या चार मात्रांतून बाहेर पडण्याची घोषणाही ती. त्यातली पॉल डेस्मंडची ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांची आहे. झपतालावर बोटं मोजत वाढलेल्या माणसाला ती मनापासून आवडते. ऑर्नेट कोलमननं पियानो काढूनच टाकला आणि रेकॉर्डला नाव मिळालं ‘द शेप ऑफ जॅझ टू कम’, येणाऱ्या जॅझचा आकार. एवढा मोठा दावा कव्हरवर छापायला छाती लागते आणि तो पेलायला आणखी मोठी. चार्ल्स मिंगस या बासवादकानं आपलं आडनावच लॅटिन विशेषणासारखं तिन्ही लिंगांत चालवलं, ‘मिंगस आह अम’. शाळेत संस्कृत विभक्ती घोकलेल्या मराठी माणसाला ही गंमत समजावून सांगावी लागत नाही.

याच रेकॉर्डमध्ये ‘फेबल्स ऑफ फॉबस’ नावाचं एक वादन आहे. ऑर्व्हल फॉबस हा आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर. 1957 मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलं-मुली प्रवेश घ्यायला आली, तेव्हा त्यांना अडवायला यानं नॅशनल गार्डचे शिपाई उभे केले. मिंगसनं त्याच्यावर बोचरे शब्द लिहिले होते. 1959च्या रेकॉर्डवर मात्र ते शब्द नाहीत, फक्त वाद्यं आहेत. पुढच्या वर्षी दुसऱ्या, लहान कंपनीसाठी त्यानं तेच शब्दांसह केलं. पण पहिल्या खेपेला सगळा भार एका नावानं वाहिला. नाव नसतं तर ती एक लचकती, जरा विदूषकी चाल वाटली असती. नाव वाचलं की त्या विदूषकाला चेहरा येतो.

जॉन कोल्ट्रेनच्या ‘अलाबामा’ची गोष्ट याहून कठीण आहे. 15 सप्टेंबर 1963 रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात एका चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेननं सॅक्सोफोनवर एक संथ, जड पावलांचं वादन मुद्रित केलं आणि त्याला फक्त त्या राज्याचं नाव दिलं. शोक, निषेध, श्रद्धांजली, यांतलं काहीही लिहिलं नाही. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नावामागची हकिगत ठाऊक नव्हती. तरी काहीतरी दारुण घडून गेलं आहे हे जाणवत होतं. हकिगत कळल्यावर मात्र त्या सुरांना गाव मिळालं, तारीख मिळाली. सुरांमध्ये दुःख होतंच. ते कुणाचं, हे नावानं सांगितलं.

एक कव्हर मला कधीही समोर ठेवून बघत बसावंसं वाटतं. एरिक डॉल्फी या वादकाच्या ‘आउट टू लंच’ रेकॉर्डचं. फेब्रुवारी 1964 मध्ये ती मुद्रित झाली. कव्हरवर निळसर छटेचा फोटो आहे, दुकानाच्या काचेचा. दुकानदार जेवायला जाताना दारावर पाटी लावतो तशी पाटी, ‘परत येईन’ अशा अर्थाची, आणि तिच्यावर कागदी घड्याळ. पण त्या घड्याळाला अनेक काटे आहेत आणि ते भलभलत्या दिशांना रोखलेले आहेत. दुकानदार येणार कधी, काही कळायला मार्ग नाही. इंग्रजी बोलीत डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसालाही ‘आउट टू लंच’ म्हणतात. रेकॉर्ड लावली की कळतं, नाव आणि चित्र दोन्ही किती नेमकी आहेत. बॉबी हचरसनचा व्हायब्राफोन मध्येच टणकन वाजतो आणि गप्प होतो. जेमतेम अठराचा टोनी विल्यम्स ड्रम्सवर ठेका धरतो, पुन्हा सोडतो. डॉल्फीचा बास क्लॅरिनेट एका खोल सुरावरून एकदम वर उडी घेतो. शेवटचं वादन झिंगलेल्या माणसाच्या चालीवर बेतलेलं आहे आणि त्यात खरोखरच पाऊल कुठे पडेल याचा भरवसा नाही. इथला काळ त्या घड्याळासारखाच आहे, एकाच वेळी अनेक काटे दाखवणारा. जून 1964 मध्ये डॉल्फी बर्लिनला गेला आणि तिथेच वारला, अवघ्या 36व्या वर्षी. रेकॉर्ड त्यानंतर बाजारात आली. कव्हरवरच्या पाटीला जो अर्थ कुणीही द्यायचा मनात आणला नव्हता, तो तिला चिकटला तो कायमचा. नाव ठेवणाऱ्याच्या हातून सुटलं की नावाला स्वतःचं आयुष्य लाभतं.

त्याच 1964 सालाकडे धारवाडच्या बाजूनं बघू. साधनकेरीत राहणारे द. रा. बेंद्रे, घरची भाषा मराठी आणि कवितेची कन्नड. त्यांचा ‘नाकु तंती’ हा संग्रह त्या वर्षी निघाला. ‘चार तारा’ असं त्याचं नाव. शीर्षककवितेचे भागही चार. पुढे याच संग्रहाला 1973 चं ज्ञानपीठ मिळालं. आणि 9 डिसेंबर 1964 रोजी कोल्ट्रेननं न्यू जर्सीतल्या एका स्टुडिओत ‘अ लव्ह सुप्रीम’ मुद्रित केली. तिचेही भाग चार. पहिल्या भागात चार स्वरांची एक छोटी ओळ तो वेगवेगळ्या पट्ट्यांत फिरवत राहतो, आणि शेवटी वाद्य बाजूला ठेवून रेकॉर्डचं नावच जपासारखं म्हणू लागतो. चौथ्या भागात स्वतः लिहिलेली प्रार्थना तो सॅक्सोफोनवर अक्षर-अक्षर वाजवतो. कागदावरचे शब्द कव्हरमध्ये छापले आहेत, आवाजात फक्त सूर. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्यांना आणि बसवण्णांची वचनं म्हणणाऱ्यांना हे नवं नाही. नाम घेत राहिलं की नामच गाणं होतं. इतर रेकॉर्डांची नावं दाराशी उभी राहून आपल्याला आत सोडतात. हे एकच नाव असं, की ते आपल्याबरोबर आत येऊन गातं.

आपल्याकडेही रेकॉर्डला नाव ठेवण्याचा एक मोठा प्रयत्न झाला आणि त्याच्यामागे मराठी माणूस होता. जी. एन. जोशी हे भावगीत गायक, पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचं काम पाहणारे. तरुणपणी त्यांनी गंगूबाईंबरोबर मराठी द्वंद्वगीतं गायली होती. 1967 मध्ये त्यांनी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घडवली. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. अहिर भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी असे राग एका गोष्टीच्या धाग्यात ओवले. रागांची वेळ तशीच राहिली, पण त्या वेळांना एक माणूस आणि एक दरी मिळाली. आपल्या संगीताकडे कधी न वळलेल्या परदेशातल्या अगणित लोकांनी ही रेकॉर्ड घरात आणली. राग ठाऊक नसलेल्यांना दरी ठाऊक होती. त्यांना बसायला जागा मिळाली.

बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व हे तर नावं ठेवण्यातले बादशहा. गीतवर्षा, त्रिवेणी, आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’. हे शेवटचं नाव मला मराठीतलं सर्वांत धीट आणि सर्वांत नम्र रेकॉर्डनाव वाटतं. बालगंधर्वांची पदं दुसऱ्या कुणी आपल्या ढंगानं गायची हे अनेकांना रुचणारं नव्हतं. कुमारांनी नावातच आपली बाजू मांडून ठेवली. हे बालगंधर्व माझ्या समजुतीपुरते आहेत, आणि तेवढ्यावर मी ठाम आहे. रागांनाही त्यांनी अशीच नावं दिली. लगनगंधार, संजारी, मधसूरजा, आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या सुमारास गांधी मल्हार. गदगचे भीमसेन जोशी मराठीत अभंगवाणी गायले आणि कन्नडात दासवाणी. आमच्याकडच्या घरांत ही दोन्ही नावं एकाच फळीवर असतात. तुकोबा आणि पुरंदरदास यांच्यात भिंत घालायला कुणाला सुचत नाही.

नाव ठेवलं की सगळं साधतं असं अर्थातच नाही. 1968 मध्ये शंकर-जयकिशन यांनी रईस खाँची सतार घेऊन ‘रागा जॅझ स्टाइल’ केली. संगीत रसरशीत आहे, नाव मात्र डब्यावरच्या चिठ्ठीसारखं, आत काय भरलं आहे तेवढंच सांगणारं. उलट ड्यूक एलिंग्टनच्या 1967च्या ‘फार ईस्ट स्वीट’चं नाव भूगोलात चुकलेलं आहे. ज्या दौऱ्यातून ती जन्मली तो बहुतेक पश्चिम आशिया आणि भारत असा होता. पण त्यात दिल्लीच्या साळुंकीवरचं एक वादन आहे. एलिंग्टनचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याच्या खिडकीशी एक साळुंकी येऊन तेच तेच आळवत असे, तिची लकेर क्लॅरिनेटवर आली आहे. ते नाव वाचल्यापासून अंगणातल्या साळुंकीचा कलकलाट मला वेगळा ऐकू येतो. चांगलं नाव रेकॉर्डपाशी थांबत नाही, ते रोजच्या कानालाही लागतं.

आमच्या वडिलांनी एकही रेकॉर्ड काढली नाही, पण नावं पुष्कळ ठेवली. ओळखीच्या घरांत होणाऱ्या बैठका ते टेपरेकॉर्डरवर घेत आणि कॅसेटच्या चिठ्ठीवर बॉलपेनानं लिहीत. ‘वीज गेली त्या रात्रीचा नट बिहाग.’ टेपरेकॉर्डर सेलवर चालत होता म्हणून तो वाचला. ‘मळेयल्ली गौडमल्हार’, म्हणजे पावसातला. मराठी आणि कन्नड एकाच ओळीत, आमच्या बोलण्यासारखीच. बऱ्याच चिठ्ठ्यांवर गायकाचं नावच नाही. घरात आवाज सगळ्यांना ओळखू येई. अशा कॅसेटी हुबळी-धारवाडच्या किती घरांत असतील! आमच्या भागातले खरे अल्बम तेच, आणि ती नावं डेव्हिसच्या, डॉल्फीच्या नावांच्या पंगतीला बसतील अशी आहेत. त्या रात्री तिथे असलेल्या माणसानं ती ठेवली आहेत.

त्या कॅसेटी मी एका दुकानातून संगणकावर उतरवून घेतल्या. आवाज स्वच्छ आला, खरखर गेली. नावंही गेली. ट्रॅक एक, ट्रॅक दोन. फोनवर संगीत ऐकतानाही आता हाच अनुभव येतो. झोपेसाठी, अभ्यासासाठी, पावसासाठी अशा याद्या तयार मिळतात, आणि एक सूर संपून दुसरा कुणाचा सुरू झाला हे कळतही नाही. त्या याद्यांची नावं गाण्याच्या उपयोगावरून पडतात. गाणाऱ्याच्या, वाजवणाऱ्याच्या मनात काय होतं याचा तिथे पत्ता लागत नाही. ‘अलाबामा’ जर शांत संध्याकाळच्या यादीत नावाविना वाजून गेलं, तर त्या चार मुलींना आपण पुन्हा एकदा विसरलो.

म्हणून मी बसून सगळ्या फाइलींना वडिलांनी लिहिलेली नावं परत दिली. अक्षर न् अक्षर, कन्नड शब्दांसकट. घरोघरच्या अशा कॅसेटी आणि स्पूल आज भराभर संगणकावर जात आहेत, आणि ते व्हायलाच हवं, टेप काही फार दिवस टिकत नाही. माझं सांगणं इतकंच आहे की आवाजाबरोबर चिठ्ठीही उतरवून घ्या. राग, ताल, तारीख लिहाच, पण चिठ्ठीवर पाऊस असेल तर पाऊसही लिहा. शिवमत भैरवाला त्याचं नाव शतकांच्या परंपरेनं दिलं, ‘काइंड ऑफ ब्लू’ला डेव्हिसनं दिलं, आणि वीज गेली त्या रात्रीच्या नट बिहागाला एका ऐकणाऱ्यानं दिलं. तिघांचा हक्क सारखाच आहे. सूर जपणं हे जेवढं आपलं काम, तेवढंच त्यांचं नाव जपणंही.